शेवंताबाई नावाची कुणी बाई नाहीच

११ फेब्रुवारी

विभागात पीएच.डी. करणाऱ्या प्रज्ञाच्या लेखावर दुसऱ्या परीक्षकाचा अभिप्राय एकदाचा आला. पावसाळ्यात पाठवलेला लेख, थंडी सरत आली तेव्हा उत्तर. तेही चार ओळी. 'सामग्री तोकडी. लेखिका त्याच वस्तीतली असल्याने तटस्थता नाही. नाकारावा.'

वस्तीतली असल्याने! बचत गटाच्या बायका तोंडानं 'नाय' न म्हणता नकार कसा देतात, यावर लिहिलंय पोरीनं. वस्तीतल्या मुलीसमोर नाही बोलणार, तर कुणासमोर बोलणार त्या? हा अभिप्राय देणाऱ्या नाईकांसमोर?

पहिल्या परीक्षकानं 'जरूर छापा' लिहिलं होतं. काळे सरांना म्हटलं, तिसऱ्याला दाखवू या. ते आमच्या संशोधन-पत्रिकेचे मुख्य संपादक, मी नुसती सहसंपादक, माझ्या हातात सुचवणं. म्हणाले, "नाईकांनी नको म्हटलंय ना? मग विषय संपला."

पत्र मीच पाठवलं. अभिप्रायासकट.

१३ फेब्रु.

प्रज्ञा विभागात आली होती. फुलंब्रीहून एसटीनं, उभ्यानं. रडली नाही.

"मॅडम, परीक्षक कोण होते?"

सांगता येत नाही म्हटलं. नियमच तो. लेखकाला परीक्षक कळू द्यायचा नाही, परीक्षकाला लेखक.

"पण मी वस्तीतली हे त्यांना कळलं की."

"तूच लिहिलंयस ना सुरुवातीला."

"व्हय. लपवायचं कशाला?"

डब्यातली अर्धी भाकरी तिला दिली.

६ मार्च

आज पाणी यायचा दिवस. टाकी भरेपर्यंत गच्चीवर विशेषांकाची मुद्रितं तपासत बसले. त्यात नाईकांचा लेख. काळे सरांनी परस्पर घेतलेला, परीक्षणाला गेलाच नव्हता. 'ग्रामीण स्त्रियांचा अप्रत्यक्ष नकार'. शीर्षक वाचूनच कसंतरी झालं. तिसऱ्या पानावर: 'सोयगाव तालुक्यातील शेवंताबाई म्हणतात, "व्हय म्हनलं तरी तुमचंच, नाय म्हनलं तरी तुमचंच."'

शेवंताबाई नावाची बाई नाहीये! सोयगावात नाही, फुलंब्रीत नाही, कुठंच नाही. प्रज्ञानं आपल्या आईचं नाव लपवायला बनवलेलं नाव आहे ते. माझ्या टेबलाशी बसून बनवलं. आधी 'पारूबाई' ठेवलं होतं, ते गावात दोघी-तिघींचं निघालं म्हणून बदललं. वाक्य तिच्या आईचं. लेख तिचा. परिच्छेदांची मांडणीसुद्धा तिचीच, फक्त शब्द जड केलेत.

म्हणजे महिनोन्महिने लेख दाबून ठेवला, नाकारा म्हणून लिहिलं, आणि तोवर स्वतःचा म्हणून... आणि चोरीतही आळस. एक खोटं नाव स्वतःचं शोधता आलं नाही ह्या माणसाला!

टाकी भरून वाहून गेली. खालून शेजारी ओरडले. लई वेळ कळलंच नाही.

९ मार्च

काळे सरांकडे दोन्ही लेख घेऊन गेले. त्यांनी हात लावला नाही कागदांना.

"अगं वैशाली, खेड्यात शेवंताबाई गल्लोगल्ली असतात."

"आणि ते वाक्य? तेपण गल्लोगल्ली?"

"दोघांना एकच बाई भेटली असेल."

"ती बाईच नाहीये सर!"

सरांनी चहा मागवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "प्रज्ञाचा प्रबंध वर्षभरात जाईल. बाहेरचे परीक्षक कदाचित नाईकच असतील. मुलीचं भलं बघ जरा."

भलं! धमकी देतानाही शब्द किती सांभाळून. ह्याच माणसाच्या हाताखाली मी पीएच.डी. केली. लोकांचं बोलणं आपल्या मालकीचं नसतं, आपल्याकडे ते विश्वासानं ठेवायला दिलेलं असतं, हे ह्यांनीच शिकवलं. वहीत उतरवून घेतलं होतं मी तेव्हा.

चहा न घेता उठले.

१० मार्च

सरांना मेल केला. 'नाईकांचा लेख दुसऱ्याच्या लेखातून उचललेला आहे. मी तो पुढे छापायला पाठवणार नाही. मंडळाची बैठक बोलवा.' मंडळातल्या सगळ्यांना प्रत.

उत्तर नाही. एकाचंही नाही.

१७ मार्च

प्रज्ञाला कसं सांगावं याचा विचार करत होते, तर तिचाच फोन. जळगावला चर्चासत्राला गेलेली.

"मॅडम, इथं नाईक सरांनी पडद्यावर आईचं वाक्य दाखवलं. बाईचा आवाज काढून वाचलं. समदे हसले. मी पण आधी मान डोलवत होते. आपल्यासारखंच काम कुणीतरी केलंय म्हणून बरं वाटत होतं. मग शेवंताबाई आली."

नंतर म्हणाली, "माझ्या लेखाचे परीक्षक तेच होते ना?"

"ते सांगता येत नाही गं."

"बरं. कळलं."

गुप्ततेचा नियम कुणासाठी केला होता? लहान माणसाला मोठ्यावर निर्भीडपणे बोलता यावं म्हणून ना? आज त्याच्या आड नाईक उभे आहेत आणि दारावर पहारा मी देतेय. संताप नुसता. स्वयंपाकात दोनदा मीठ पडलं.

२२ मार्च

फुलंब्रीला जाऊन आले. प्रज्ञाची आई, कांताबाई, ओट्यावर वाट बघत होत्या. प्रज्ञानं त्यांना सगळं सांगून झालेलं.

त्या वाक्याची गोष्ट आज त्यांच्या तोंडून ऐकली. सभेला गर्दी पाहिजे म्हणून गावातला एक पुढारी गटातल्या बायांना न्यायला आला होता. त्याला त्या असं म्हणाल्या आणि एकही बाई गेली नाही.

"घरात बसून लेकीला सांगितलं म्या. तिला म्हनलं नाव बदल, त्या पुढाऱ्याला कळाया नको. तिनं बदललं. ह्या मानसाला माझं बोलनं दाखवाया कुनी सांगितलं व्हतं?"

पण तक्रार करायची म्हटल्यावर बाई बिचकल्या. "आधी तुझं ते प्रबंधाचं होऊ दे. मंग भांड. आता लांबून बोलायचं, बघू म्हनायचं."

प्रज्ञा एकदम तडकली. "आई, मी पण तेच करू? व्हय बी नाय, नाय बी नाय? मला सरळ नाय म्हणायचंय!"

लेकीचा असा आवाज त्यांनी आधी कधी ऐकला नसावा. पदर खोचला. मग म्हणाल्या, "कर मग. पर अर्जात माझं नाव खरं टाक. त्या शेवंताबाईला कोन इचारनार?"



३ एप्रिल

अंक संकेतस्थळावर आला. नाईकांचा लेख पहिलाच. संपादक मंडळाच्या यादीतून माझं नाव गायब. कळवण्याचीसुद्धा तसदी नाही. काळे सर जिन्यात भेटले, म्हणाले, "तुझ्यावरचा भार कमी केला."

भार! मी जिन्यातच मोठ्यानं म्हणाले, "सर, लाज वाटू द्या." खालचे विद्यार्थी थबकले. थबकू देत.

प्रज्ञाचा अर्ज गेला विद्यापीठात. चौकशी समिती नेमतील म्हणे.

२४ एप्रिल

समितीपुढे साक्ष होती. बाहेर ऊन मी म्हणतंय. व्हरांड्यातल्या बाकावर प्रज्ञा आणि कांताबाई. त्यांना सकाळपासून बसवून ठेवलेलं, पाण्याचं कुणी विचारलं नाही. माझी बाटली दिली.

आत तिघं. दोन पुरुष, एक बाई. अध्यक्ष गोड बोलणारे. "मॅडम, नावांचा योगायोग असू शकतो. तो लेख नाईक सरांनी आधी वाचला होता याला आधार काय?"

"परीक्षणासाठी त्यांच्याकडेच गेला होता. मीच पाठवला."

"परीक्षकाचं नाव गोपनीय असतं. ते तुम्ही इथं उघड केलंत तर नियमभंग तुमच्यावर येईल. काळे सरांनी तसं लेखी कळवलंय. विचार करून बोला."

म्हणजे तेही आधीच करून ठेवलं.

"विचार केलाय," म्हटलं. "दुसरे परीक्षक डॉ. नाईक."

कुणीच लिहून घेतलं नाही.

"पुन्हा सांगू का?" पुन्हा सांगितलं, पूर्ण नाव, हुद्द्यासकट. व्हरांड्यात ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

समितीतल्या बाईंनी पेन उचललं. अध्यक्षांनी त्यांच्याकडे बघितलं. तेवढ्यात मला बाहेर जायला सांगितलं. बाईंनी लिहिलं का, ते काही दिसलं नाही.

बाहेर आले तर कांताबाई उभ्या राहिलेल्या. शिपायानं आतून हाक मारली, "कांताबाई कोण?"