पापणीवरची घडी

६ जाने.
गणेशचा फोन. एमआयडीसीतनं, मिलच्या गेटबाहेरून. त्याच्या आईनं आमच्या लग्नाला नाही म्हटलं. मुलीचे डोळे तिच्या आईवर गेलेत, पापणीला घडीच नाही, डोळे बारीक दिसतात, उद्या नातवंडं पण तशीच होतील. कॉलेजपासूनचं आमचं, अन् हा नुसता निरोप सांगून राह्यला. शेवटी म्हणाला, “पापणीचं ऑपरेशन करून घे, मंग मी घरी बोलतो.” त्याला स्वतःला काय वाटतं ते विचारायचं राहिलं.

७ जाने.
आईनं काल सगळं ऐकलं होतं. भाकरी थापता थापता म्हणाली, “माझेच आले गं तुला.” जेवली न्हाई.

१९ जाने.
संभाजीनगर. आई हट्टानं सोबत. डॉ. बाईंनी नीट समजावलं, पापणीला घडी पाडायच्या दोन पद्धती. एक, टाक्यांची पद्धत. चीर न्हाई, बारीक छिद्रांतून आत धागा, सूज लवकर उतरते. नको वाटलं तर सुरुवातीला धागा काढता येतो. पण माझी पापणी जाड, घडी सैल पडू शकते. दुसरी, छोटी चीर देऊन. टिकते, पण मग पहिल्यासारखं होणं न्हाई.
मी टाक्यांची म्हणाले. परत फिरता येईल अशी. बाई म्हणाल्या, घाई नको, विचार करून कळवा.
येताना बसमध्ये आई, खिडकीकडं तोंड करून: “पक्कीच करून घे. पुन्हा कुणी तुला माझ्यासारखी म्हणाया नको.”


२ फेब्रु.
गणेशचं जमलं. अंबडची मुलगी. कामावर, बियाण्याच्या प्लँटमध्ये मैत्रिणीनं सांगितलं. दुपारभर खाली मान घालून बियाणं निवडलं.

५ फेब्रु.
आता कशाला ऑपरेशन, म्हटलं. आई ऐकंना. वडीगोद्रीचे मामा आज दुसरं स्थळ घेऊन आल्ते. आई बाहेर आलीच न्हाई. पाहुण्यांनी विचारलं तर मामा म्हणाले, बरं न्हाई तिला. ते गेल्यावर मी आत गेले. आई ओट्याला टेकून बसलेली, पदर पार डोळ्यांवर.
“त्यांनी मला बघितलं न्हाई ना?”

८ फेब्रु.
दवाखान्यातून फोन. टाक्यांची का चिरेची? आई समोरच, माझ्या तोंडाकडं बघत. जरा वेळानं सांगते म्हटलं.
मग तिच्या डोक्याला तेल लावत बसले. सुखानं डोळे मिटले तिनं. मिटले की चारचौघींसारखेच दिसतात.
फोन अजून केला न्हाई.