वाकड्या बोरीची बोरं

पंचफुला आत्या,

तू जिवंत आहेस, हे लिहितानाही मला खरं वाटून नाही राहिलं.

आज पांढुर्ण्याच्या बाजारात मी आपल्या वावरातली बोरं विकत बसली होती. एका बाईनं एक बोर तोंडात टाकलं आणि म्हणाली, "हे तं वाकड्या बोरीचं होय." त्या झाडाला हे नाव फक्त आपल्या घरात आहे. मी वर पाहिलं, तर तू.

दर हिवाळ्यात तू फांदी हलवायची आणि मी अन् भूपेंद्रदादा खाली जुनं लुगडं धरून उभे राहायचो. डोक्यावर टपटप बोरं पडायची. पायात काटा रुतला की तू तो दातानं काढायची. मग एका वर्षी बाबा म्हणाले, आत्या नागपूरला तापानं गेली.

"तृप्तीच ना तू?" तू विचारलं. मी नुसती मान हलवली. तुझ्यामागं मोतीराम उभे होते, आपल्या वावरात कापूस वेचायला यायचे ते. तुझ्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं अन् समजलं, तू त्यांच्याशी लग्न केलं, म्हणून घरानं तुला मेलेली ठरवलं. तू माझ्या गालाला हात लावला आणि गर्दीत निघून गेली. मी पत्तासुद्धा विचारला नाही.

घरी बाबा जेवत होते. मी म्हटलं, "आत्या भेटली."

त्यांचा हात ताटातच थांबला. त्यांनी विचारलं, "बरी हाये का थे?"

मी खुर्चीवर चढून तुझ्या फोटोवरचा हार काढला. बाबांनी अडवलं नाही.

तुझीच,
तृप्ती