चाखायची राहिलेली फोड

मंगळवार, संध्याकाळ

ही गेल्यापासून बंद पडलेला दुधीचा रस आज नेहाने पुन्हा काढला. "बाबा, आईच्या हातचा समजा आणि नाक दाबून प्या!" मी विचारलं, आधी फोड चाखलीस ना? "कच्चा दुधी? ई! लिंबू पिळलंय की." आपला पेला संपवून ती प्रभादेवीला ऑफिसला गेलीसुद्धा.

कडू दुधीचा रस विषासारखा बाधतो. ही रोज आधी फोड चाखायची. मी माझा पेला ओतून दिला. दुपारी फोन केला. "बरी आहे हो, बाबा!" तरी चैन नाही.

उरलेला दुधी ओट्यावर आहे. चाखला की कळेल, पण कडू निघाला तर? ही रोज कसा धीर करायची?

आता चाखली. कडू नाही. खात्रीसाठी दुसरी फोडही खाल्ली. उद्यापासून आधी मीच चाखीन.