पडलेले तास

६ जानेवारी, मंगळ. बुलढाणा
कॉलेजात आज दोन तास होते. गेलो नाही. आंघोळ केली, बूट घातले आणि कॉटवर बसून राहिलो. साडेबाराला बूट काढले. तासिका तत्त्वावर आहे. शिकवलं तेवढेच पैसे. म्हणजे आजचे गेले. वाईट वाटलं का? तेही नीट कळलं नाही.

१३ जाने.
मानसोपचाराचे डॉक्टर. गोळी वाढवली. बाहेर गावचे, मोताळ्याचे शेजारी काका भेटले. "इकडं कुठं रे?"
"मित्राले घेऊन आलतो."
मित्र कुठाय, ते त्यांनी विचारलं नाही.

२१ जाने.
विभागप्रमुखांनी बोलावलं. माणूस चांगला. "सर, पोरं तक्रार करून राह्यले. तब्येतीचं काही असन तं लिहून द्या न." नैराश्य असं लिहून दिलं, तर जूनमधल्या फेरनेमणुकीच्या मुलाखतीत... मलेरिया म्हणालो. त्यांनी एका पेपरचे तास माझ्याकडून काढून दुसऱ्या सरांना दिले. निम्मे तास गेले. खरं तर हायसं वाटलं. त्याची लाज नंतर वाटली.

१ फेब्रु., रवि. मोताळा
आईनं स्थळ आणलंय. सुलतानपूरची, वैशाली नाव, पतसंस्थेत कारकून. म्हटलं, आजाराचं आधी सांगावं लागेल.
"काऊन? बरा होऊन राह्यला न तू?"
गोळ्यांचं पाकीट उचलून तिनं हळदीच्या डब्यामागं ठेवलं. नीट, जपून.

८ फेब्रु., रवि.
सुलतानपूर. अंगणात आम्हा दोघांना दहा मिनिटं दिली.
"पगार किती?"
"जेवढे तास घेतले तेवढा."
"मग सगळे का नाही घेत?"
इतकं सरळ कुणी विचारलं नव्हतं. सांगून टाकलं. आठ महिने, गोळ्या, सगळं.
"झोप लागती का?"
"गोळी घेतली की लागते."
"बरं." मग माझा नंबर घेतला. तेवढ्यात आतून हाक आली.
परतताना बसमध्ये आई : "काय बोलले एवढं?" पगाराचं, म्हटलं.

१७ फेब्रु.
मोताळ्याहून आईचा फोन. मुलीकडचे "मंग सांगतो" म्हणतात.
"तू काही बोलला तं नाही?"
बोललो, म्हटलं. बराच वेळ नुसतं नळाचं पाणी ऐकू आलं. मग, "ज्योतीचं कसं होईन आता? तिच्या पाहुण्यायनं इचारलं तं मी काय सांगू?"
ज्योती माझी धाकटी बहीण, लग्नाला आलेली. तिला याबद्दल कुणीच विचारलेलं नाही. मीसुद्धा.
जेवलो नाही. झोपलो.

२४ फेब्रु., मंगळ.
सकाळी वैशालीचा मेसेज. "घरी मी काही सांगितलं नाही. आधी मला समजून घ्यायचंय. तुम्ही डॉक्टरकडे जाल तेव्हा मी आले तर चालेल का?"
"चालेल" लिहिलं, खोडलं. "विचार करा" लिहिलं, तेही खोडलं.
अकराचा तास घेतला. सोळा पोरं होती. तास संपला तरी उत्तर दिलेलं नव्हतं. डॉक्टरांची तारीख शुक्रवारची आहे.