शुक्रवारपर्यंत वीस पापुद्रे

६ नोव्हेंबर, सोमवार
आठला लॅबमध्ये. सहा पापुद्रे उचलले, सहाही फाटले. संध्याकाळी घरी. बायकोच्या, फुमियोच्या फोटोपुढे भात, मेणबत्ती, उदबत्ती. ती जाऊन सहा आठवडे झाले. बाकी विशेष नाही.

शुक्रवारी मोठा लेझर आमच्या गटाला मिळणार, एकच दिवस. तोवर वीस पापुद्रे हवेत. कार्बनचा पापुद्रा केसाच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतका पातळ. पाण्यावर तरंगत असतो, त्याखाली चौकट नेऊन अलगद उचलायचा. लेझर आदळला की त्याचा प्लाझ्मा होतो आणि आयन पलीकडे सुसाट सुटतात. पापुद्रा फाटका असेल तर काही सुटत नाही. अठरा वर्षं हे काम माझ्याकडे आहे. वीस म्हणजे दोन दिवसांचं काम.

७ नोव्हेंबर, मंगळवार
चार फाटले. एसीचा झोत नडतोय. बंद करायला लावला. शेजारच्या टेबलावर चौकटी धुणाऱ्या हिरुकावाबाई म्हणाल्या, उकडतंय. सहन करा म्हटलं.

फुमियोची थोरली बहीण तोमोए हिचा फोन. रविवारी एकोणपन्नासावा दिवस, अस्थी देवळात न्यायच्या, भावोजी, येताय ना, झोप लागते का? उत्तम लागते म्हणालो. मी ठीक आहे. लोकांना हे पटवण्यातच दमायला होतं.

उद्यापासून रात्री दहाला झोपायचं.

८ नोव्हेंबर, बुधवार
पाच फाटले, एक टिकला. खरं कारण सापडलं. मागच्या रस्त्यावरचे ट्रक. वेळा लिहून ठेवल्या. ट्रक ११.१०ला गेला, पापुद्रा ११.४०ला फाटला. कंप पोहोचायला वेळ लागत असावा.

गटप्रमुख ओनिझुका, एके काळचा माझाच विद्यार्थी, येऊन गेला. म्हणे, चार दिवस घरी आराम करा, पापुद्र्यांचं हिरुकावाबाई बघतील. घरी बसून काय करू, असं विचारणार होतो. उद्या दहा देतो, एवढंच म्हणालो.

९ नोव्हेंबर, गुरुवार
आठ फाटले. नवव्याच्या वेळी हिरुकावाबाई हात पुसत शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"साकुमासान, रागावणार नसाल तर एक बोलू? चौकट वर आली की तुम्ही उसासा टाकता."

मी उसासे टाकत नाही, असं सांगितलं.

"सकाळपासून आठ झाले. एसी बंद आहे ना, सगळे ऐकू येतात."

मास्क असतो की, मी म्हणालो.

"असतो. हनुवटीवर."

चष्म्यावर वाफ धरते म्हणून तो खाली ओढावा लागतो, हे त्यांना समजावणार होतो. तोवर चौकटीत नुसतं भोक उरलं होतं. त्यांनी माझी खुर्ची हळूच बाजूला केली आणि स्वतःची आणली.

१० नोव्हेंबर, शुक्रवार
बाईंनी काल उशिरापर्यंत थांबून एकोणीस उचलले. माझा एक धरून वीस. लेझर चालला. आयन सुटले, आजवर सुटले नव्हते इतक्या जोरात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. एकोणीसच लागले. माझा राखीव राहिला.

सोमवारपासून मी नोंदी तपासायच्या. अनुभवी माणसाचंच काम आहे ते.

घरी आलो. भात ठेवला, मेणबत्ती लावली, हात जोडून बसलो. रविवारनंतर फोटोशेजारची अस्थिकलशाची जागा रिकामी होईल. तिथे काय ठेवावं याचा विचार करत होतो. मेणबत्ती विझली.

फोटोपुढची ज्योत तोंडाने फुंकायची नसते, हाताने वारा घालून विझवायची. फुमियो याबाबतीत कडक होती.

खिडकी पाहिली, बंद होती. एसी बंद. या गल्लीत ट्रक येत नाहीत.

खिशातला मास्क काढून नीट नाकापर्यंत लावला. चष्म्यावर वाफ धरली. चाचपडत काड्यापेटी शोधली आणि काडी ओढली.