तांबड्या बैलाचा धनी

प्रिय मलुआल,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. मागचा पाऊस गेला, हाही संपत आला, आणि मी रोज उद्यावर ढकलत राहिलो. वाटायचं, आज फोन वाजेल, मग लिहायचं कशाला? शिवाय मिशनच्या शाळेत थोडंफार शिकलो तेवढंच माझं लिहिणं. आता आपले पाद्री अमेरिकेला सभेसाठी निघालेत, आणि तिकडच्या आपल्या लोकांत विचारून तुला शोधतो म्हणालेत, म्हणून बसलो. गुडघा कसा आहे? थंडीत दुखतो का? शेकून कोण देतं? जेवतोस ना?

तुझ्या फोनचं आधी सांगतो. नंबर लावला की एक बाई इंग्रजीत बोलायची. तुझ्या आईला वाटलं, ती तुझी बायको. दर रविवारी चर्चमधून आली की तुझ्या धाकट्या भावाच्या, अतेमच्या हातातून फोन ओढून घ्यायची आणि सुरू व्हायची, “सूनबाई, बरी आहेस ना? आमच्या लांबड्याला उठव की जरा. आणि त्याला दूध देतेस का? नुसत्या चहावर ठेवू नकोस, हाडं मोठी आहेत त्याची.” ती बाई तेच तेच बोलून गप्प व्हायची. आई म्हणायची, “उद्धट नाही हो, लाजते. तिच्या बापाला गुरं न देताच आणलीय ना तिला!” ती फोन कंपनीची रेकॉर्डवरची बाई आहे हे मला ठाऊक होतं, पण मी आईला सांगितलं नाही. यंदा ज्वारी पेरल्यापासून तर तीही बोलत नाही. नुसतं टूंटूं वाजतं.

तुझा खेळ बघायला आम्ही बाजारात त्या जनरेटरवाल्या चहावाल्याकडे जायचो, आठवतं ना, मी सांगायचो तुला? तिकडची रात्र म्हणजे इथली पहाट, धारा काढायची वेळ. गाई हंबरत राहायच्या आणि आम्ही तिथे. तू उडी मारून चेंडू जाळीत कोंबलास की म्हातारे बाकावर चढायचे. एकदा बाक मोडलं. पुढे गुडघा गेला आणि तू खांद्यावर टॉवेल टाकून कडेच्या खुर्चीत दिसायला लागलास. लोक मला डिवचायला लागले, “काय लुएथ, बसवला वाटतं पोराला?” तेव्हा माझ्या थोरल्या भावाने, तुझ्या आजांगकाकाने त्यांना झापलं, “गाढवांनो, सभेत बसतं कोण आणि पळतं कोण? मोठा माणूस झालाय तो. पळायला पोरं ठेवलीत त्याने.” सगळ्यांना पटलं. मलाही. कितीतरी वर्षं आम्ही तुझ्या बसण्याचाच अभिमान मिरवला.

तू पाठवलेला हातपंप अजून चालतो. विटांच्या घराचं दार तुझ्या उंचीचं केलं होतं, त्यातून सगळा पाऊस आत येतो. कितीदा म्हटलं बुजवून घेऊ, पण तुझी आई ऐकत नसे. “वाकून येईल का माझा मुलगा स्वतःच्या घरात?” ज्याला लग्नात गुरं कमी पडली तो तुझं नाव घेत आला आणि तू कुणाला नाही म्हणाला नाहीस. आज गावातल्या अर्ध्या पोरांच्या आया तुझ्या गुरांवर लग्न होऊन आल्यात. आणि मग अतेमचा मेहुणा राजधानीतून, जुबाहून सांगत आला, की तुझं तिकडचं मोठं घर विकलं, गाड्या नेल्या, हॉटेलात घातलेलं सगळं बुडालं. खरं का रे? म्हणून बोलत नाहीस? रिकाम्या हाताने कसा येऊ, असं वाटतं का तुला? अरे, रिकाम्या हातानेच ये. तुझा कळप इथे नदीकाठी उभा आहे. त्यातली एक कालवडही मी कुणाला हलवू दिलेली नाही.

फक्त तुझा तांबडा बैल गेला. ज्याच्यावर तू गाणी रचायचास, ज्याचं शिंग तू कापून कापून पुढे वळवलं होतंस, तोच. कापायचा नाही असं तू बजावलं होतंस, म्हणून एवढा जगला. मी राख फासून दिवसभर त्याच्याशेजारी बसलो. गळ्यातली घंटा काढून आणलीय, उशाशी आहे. गोवऱ्यांच्या धुरात उभा राहून आजांगदादा म्हणाला, “धनी गेला, म्हणून बैल गेला.” मी म्हटलं, दादा, त्याच्या तोंडात दात उरले नव्हते, दात बघ ना! पण त्याने बघितलं नाही.

आता खरं लिहितो. अतेमच्या धाकट्या लेकीचा ताप हटत नाही. भगत म्हणाला, अतेमचा थोरला भाऊ तिकडे मेलाय, उपाशी बसलाय, बायको मागतोय. मूलबाळ नसताना गेलेल्यासाठी आपण काय करतो ते तुला माहीत आहे. आजांगदादाने तुझ्या नावाने लग्न लावायला अयेन नावाची मुलगी बघितलीय. तुझ्या कळपातली गुरं तिच्या बापाकडे जातील, तिच्या घरी अतेम राहील, आणि मुलं तुझ्या नावाची होतील. दादा वाईट नाही रे, सांगताना रडत होता. “नाव विझू द्यायचं का पोराचं?” म्हणाला. एकटी तुझी आई आडवी आली, म्हणाली, “माझ्या मुलाला बायको आहे, मी बोललेय तिच्याशी.” मग अतेमने तिला समजावलं, की ती बाई कोण. त्या दिवसापासून ती कुणाशी बोलत नाही. परवा तिने स्वतःच गवंड्याला बोलावून दार छोटं करायला सांगितलं. मी त्याला परत पाठवला. एकदा गुरं नदीकाठून निघाली, मलुआल, की तू मेलेला. नंतर आलास तर तुला कुठल्या नावाने घरात घेऊ? पाद्री परत येईपर्यंत थांबतो असं दादाने मला वचन दिलंय. पैसे नकोत, काही नको. त्यांच्या हाती दोन ओळी दे. राग असेल तर शिवी लिहून दे. मेलेला माणूस बापाला शिवी देत नाही, एवढं आजांगदादालाही पटेल. पण लवकर कळव रे.

तुझाच,
बाबा