तिसऱ्या अंकाआधीचा निरोप

अण्णा,

तुमच्या नावानं नांदेडात नाट्यस्पर्धा सुरू होणार आहे. परवा तुमचे दोन जुने नट लातूरला माझ्या घरी आले होते. दोघांचेही केस पांढरे झालेत, पण तुमचं नाव निघालं की अजून ताठ बसतात. उद्घाटनाला मी यावं आणि ‘तो प्रसंग’ माझ्या तोंडून सांगावा, अशी त्यांची इच्छा. कोणता प्रसंग, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगायला सुरुवात केली. “लेकरू दवाखान्यात, सलाईन लागलेलं, अन् ताई इकडं तिसरा अंक करून राहिल्या. अण्णा म्हणायचे, माझ्या लेकीला समदं ठाऊक व्हतं, तरी ती हलली न्हाई.” आतल्या खोलीत माझी लेक तिच्या तान्ह्या बाळाला घेऊन पडली होती. तिला प्रत्येक शब्द ऐकू जात होता. मी त्या दोघांना चहा दिला, कळवते म्हणाले आणि वाटेला लावलं. अण्णा, तुम्ही खोटं बोललात. तुमच्या तोंडावर हे कधी म्हणता आलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

तुम्ही हायस्कुलात मराठी शिकवायचात, पण तुमचा दिवस संध्याकाळी सुरू व्हायचा. जयंतीच्या मंचावर, विहाराच्या ओट्यावर तुम्ही पोरवयात गाणी म्हटलीत, पुढं नाटकं लिहिलीत. तुमच्या प्रत्येक नाटकात एक बाई शिकायची, उठून उभी राहायची, गावाला जाब विचारायची. लोक टाळ्या वाजवायचे. आणि आपल्या घरात आई चुलीशी बसून तुमची वाट बघायची, कारण तुमच्याआधी जेवायचं नाही हा तुमचाच नियम होता. ती उमरीकडच्या खेड्यातून आलेली, शाळेची हौस असलेली. तिला शिकवायला तुम्हाला कधी वेळ झाला नाही. मला मात्र शिकवलंत. शब्दाचा शेवट गिळायचा नाही, श्वास कुठं घ्यायचा, पाठमोरं असताना प्रेक्षकाला कसं धरून ठेवायचं. मी नटी झाले ती तुमच्यामुळं, हे मी नाकारत नाही. त्या उपकाराची वसुली तुम्ही कशी केलीत, ते सांगते आहे.

लग्न होऊन मी लातूरला आले तेव्हा जिल्हा नुकता वेगळा झाला होता. नव्या कचेरीत ह्यांची बदली झाली होती. गावभर भाड्याच्या घरांवर सरकारी पाट्या लागत होत्या, बाहेरगावचे साहेब लोक राहायला येत होते. आणि पाऊस नव्हता. नळाला पाणी येईल त्या दिवशी अख्खी गल्ली कामं सोडून घरी थांबायची, एरवी टँकरमागं हंडे घेऊन पळायची. माझी लेक पुढच्या उन्हाळ्यात झाली. तिचे लंगोट धुवायचे की भांडी घासायची, असा रोजचा प्रश्न. त्या दिवसांत मी घरी नानकटाई, केक भाजून विकायला लागले. अल्युमिनियमचा गोल ओव्हन होता, झाकणाला काच असलेला. नानकटाईला पाण्याचा थेंब लागत नाही, भांडी कागदानं पुसून घेतली की झालं. मैदा, डालडा, पिठीसाखर फेसताना लेक पायावर झोपलेली असायची. साहेबांच्या बायका पोरांच्या वाढदिवसाला केक सांगू लागल्या. लाईट मधेच गेली की केक बसायचा, तो आम्ही दोघं खायचो. अंगणात शेजारच्या दोघी-तिघींना घेऊन मी छोटी नाटुकली बसवायचे. लेक चटईवर लोळायची. मी सुखात होते, अण्णा. तुम्हाला ते दिसलंच नाही.

तुम्ही आलात ते दुपारच्या एसटीनं. लेकीला पहिल्यांदा बघत होतात, पण घेतलं नाहीत. पाणी पिऊन लगेच म्हणालात, “आपली नायिका लग्न करून गेली. स्पर्धा तोंडावर आलीय. तू चल.”

“अण्णा, पोरगी अंगावर पितीय अजून.”

“मग तिला घेऊन चल. तुझी आई हाय की.”

“माझी कामं हायत इथं. केकच्या ऑर्डरी घेतल्यात.”

तुम्ही ओव्हनकडं बघून हसलात. “ह्याच्यासाठी शिकवलं का तुला मी? बिस्किटं भाजायला?”

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. जायचं तर जा, नको तर नको म्हण, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. मी गेले. तुम्ही ओढलंत म्हणून गेले असं म्हणणार नाही. ती भूमिका मला हवी होती. स्टेजवरच्या उजेडात उभं राहून कितीतरी दिवस झाले होते.

तालमी नांदेडात, तुमच्या शाळेच्या हॉलमध्ये. आई लेकीला घेऊन बाहेर व्हरांड्यात बसते. ओव्हन मी बरोबर आणला होता, तर तुम्ही सगळ्यांना परस्पर सांगून टाकलंत की ताईच्या हातची नानकटाई रोज मिळेल. सकाळी भाजायचं, दुपारी पाठांतर, संध्याकाळी तालीम, मधे-मधे पाजायचं. तिसऱ्या अंकातलं माझं लांबलचक भाषण चालू असताना बाहेर लेक रडते. माझा ब्लाऊज ओला होतो. कुठल्याही बाईला विचारा, ते आपल्या हातात नसतं. तुम्ही टाळी वाजवून तालीम थांबवता आणि सगळ्यांसमोर म्हणता, “जा, बदलून ये. माझ्या पात्राला दूध येत न्हाई.”

कुणी हसलं नाही. सगळे जमिनीकडं बघत राहिले. मी कपडे बदलून आले तेव्हा तुमचा पुढचा हुकूम तयार होता. “उद्यापासून लेकरू घरी. इथं नको.”

मग आई तिला घरी ठेवून वरचं दूध द्यायला लागली. पाणी उकळून घ्यायची बिचारी, पण टँकरचंच पाणी ते. अख्ख्या वस्तीत पोरांना जुलाब लागले होते. तुम्हाला हे माहीत होतं. शाळेतल्या गैरहजेरीवरून तुम्हीच जेवताना बोलला होतात.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी मी निघाले तेव्हा लेक पोटभर पिऊन झोपली होती. पहिले दोन अंक रंगले. मध्यंतरात मी आत बसले होते, तोंडावर पावडर फिरवत. तुम्ही आलात, माझ्या खांद्यावर हात ठेवलात, जो तुम्ही कधीच ठेवत नव्हतात, आणि म्हणालात, “श्वास सांभाळ. घाई करू नको.” मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी उठून तुमच्या पाया पडले. तो तिसरा अंक जसा झाला तसा पुन्हा माझ्याकडून कधी झाला नाही. मी थांबले की सभागृह थांबायचं. पडदा पडल्यावर टाळ्या चालूच होत्या, मी हात जोडून उभी होते, आणि तुम्ही कानाशी येऊन म्हणालात, “आता दवाखान्यात जा. पोरीला ॲडमिट केलंय.”

मी रंग न पुसताच पळाले. सरकारी दवाखान्यात एकेका खाटेवर दोन-दोन पोरं. माझी लेक कोपऱ्यात, डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, पायाला सुई. शीर सापडत नव्हती म्हणून तिसऱ्यांदा टोचली होती. आई खाटेजवळ खाली बसलेली. मला बघून तिनं मान वळवली.

“इतका उशीर केलास, बाई,” ती म्हणाली.

“मला आत्ता कळलं.”

“आत्ता?” आई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. “मी आले व्हते की मागच्या दाराशी. पोरीला कडेवर घेऊनच. दुसरा अंक सरला व्हता. तुझे अण्णा म्हणले, तू हो पुढं, मी तिला लावून देतो. सायकलरिक्षात बसून मी मागं बघत व्हते, तू आता येशील, आता येशील.”

लेक वाचली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणली. आणली ती आईनं, एकटीनं. मला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं, ते घ्यायला तुम्ही गेलात. घरी आल्यावर मी तुम्हाला एकदाच विचारलं, मला का नाही सांगितलंत. तुम्ही पेपर खाली न ठेवता म्हणालात, “सांगून काय झालं असतं? तू काय डॉक्टर हायस? पोरगी वाचली न्हवं? नाटक मातर पडलं असतं.” दुसऱ्या दिवशी मी लेकीला आणि ओव्हन घेऊन लातूरची एसटी धरली.

काही महिन्यांनी तुम्ही लातूरला आलात, हातात मोठा खोका. हैदराबादहून मागवलेला नवा ओव्हन. दारातच उभं राहून म्हणालात, “घे. आता घरीच बसायचं म्हणतीस, तर हे तरी धड कर.” माफी मागायला आला असाल असं मला क्षणभर वाटलं होतं. मी तुम्हाला जेवू घातलं, एसटीत बसवून दिलं आणि खोका न फोडता समोरच्या बाईंना देऊन टाकला. घरी मी बसले नाही. लातुरात बायकांचा गट केला, पुढं पुष्कळ नाटकं केली. आमच्या तालमीत लेकरं रांगतात, रडतात, एखादी बाई पाजत पाजत वाक्यं म्हणते. तुम्ही एकही प्रयोग बघायला आला नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा शोकसभेत मी पहिल्यांदा ती गोष्ट ऐकली. एक गृहस्थ माईकवर सांगत होते, असा बाप आणि अशी लेक, मूल दवाखान्यात आहे हे कळूनही तिनं तोंडाचा रंग पुसला नाही. लोक डोळे पुसत होते. आई माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझा हात घट्ट दाबला, उठू नको म्हणून, आणि मी उठले नाही, कारण तुमचं प्रेत निघून चारच दिवस झाले होते. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही ही गोष्ट सांगत फिरत होतात. केलेलं झाकायला तुम्ही मलाच त्यात ओढलंत. तुमच्या गोष्टीत मी ठरवलं, मी थांबले, मी माझ्या लेकीला तिथं पडू दिलं, आणि वर त्याचं कौतुक. नाटककार म्हणून तुमचं हे सगळ्यांत गाजलेलं लिखाण असेल.

परवा ते दोघं गेल्यावर मी आत गेले. लेक बाळाला थोपटत होती. तिनं वर न बघता विचारलं, “आई, तुला खरंच ठाऊक होतं?”

मी तिला सगळं सांगितलं. आजीचं मागच्या दारापर्यंत येणं, तुमचा खांद्यावरचा हात, सगळं. तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, “अन् ठाऊक असतं तर?”

“तशीच उठून आले असते,” मी म्हणाले. तिनं मान हलवली. तिला पटलं असावं.

नांदेडला मी येणार आहे, अण्णा. तुमच्या त्या मंचावर उभी राहून खरं काय घडलं ते सांगणार आहे, शब्दाचा शेवट न गिळता. मागच्या दाराशी आई उभी होती आणि तुम्ही मला न कळवता तिला पुढं पाठवलंत, एवढं सांगून खाली उतरेन. तुमच्या माणसांना काय वाटायचं ते वाटो. हे पत्र मात्र कुणाला दाखवणार नाही, लेकीला तर नाहीच. कारण तिला मी जे उत्तर दिलं, ते खरं आहे की नाही हे मला माहीत नाही. निरोप कळला असता तर मी त्या मध्यंतरात उठून गेले असते, की आई आहे ना तिच्याजवळ म्हणून तेवढा एक अंक करून निघाले असते? बाळाला घेऊन बसते तेव्हा एक उत्तर येतं, स्टेजवर उभी असते तेव्हा दुसरं. ते मला त्या संध्याकाळीच कळलं असतं, तुम्ही कळू दिलं असतं तर.